लामावर गेलेल्या माणसाचे नाव शोधताना : युद्धस्मारकाच्या भेटीची तयारी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एखाद्या पूर्वजाविषयी एवढेच सांगितले जाते की ‘ते लामावर गेले, परत आले नाहीत’. लाम म्हणजे परमुलखातली लढाई; हा शब्द आता वयस्कर माणसांच्याच तोंडी उरला आहे. पुढे काय झाले असे विचारले, तर ‘बसऱ्याला गेले’ किंवा ‘इटलीत राहिले’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पार्थिव आले नाही, अस्थी आल्या नाहीत, आणि गावात दिवसकार्य झाले असेल तर तेही एका कागदावरच्या बातमीवर विसंबून. अशा माणसाचे नाव कोठेतरी दगडावर कोरलेले असते, निदान एखाद्या नोंदवहीत लिहिलेले असते, आणि तेथे एकदा जाऊन यावे असे घरातल्या कोणाला तरी कधीतरी मनापासून वाटते. त्या जाण्याची तयारी कशी करावी, हे येथे सांगायचे आहे. आमच्या घराने ती उलट क्रमाने केली, म्हणजे आधी प्रवास केला आणि मग शोध घेतला. त्यामुळे काय करू नये हे मला जरा जास्तच ठाऊक आहे.

माझ्या आजोबांचे सख्खे चुलते पहिल्या महायुद्धात गेले. दिल्लीच्या इंडिया गेटवर त्या युद्धातल्या शिपायांची नावे आहेत एवढ्या ऐकीव माहितीवर आम्ही पाच जण कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला जाणाऱ्या साप्ताहिक गाडीने निघालो. सोबत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आत्या होत्या आणि त्यांच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली झेंडूची माळ होती. तेथे पोहोचल्यावर दिसले की कमानीभोवती साखळ्यांचे कुंपण आहे, नावे उंचावर बारीक अक्षरांत आहेत, आणि साखळीपाशी उभे राहून त्यांतली एक ओळही लागत नाही. आत्यांनी माळ परत पिशवीत ठेवली. घरी आल्यावर महिनाभराने उमगले की अक्षरे लागली असती तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या माणसाचे नाव त्या कमानीवर नाहीच.

ही चूक फार लोक करतात, म्हणून तिचे कारण नीट समजून घ्यावे. इंडिया गेटची पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि अनावरण १९३१ मध्ये. १९१४ ते १९२१ या काळात मृत्यू पावलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सत्तर हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक आहे हे खरे. परंतु त्यावर प्रत्यक्ष कोरलेली सुमारे १३,३०० नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या शिपायाचे नाव तेथे शोधणे म्हणजे पन्हाळ्यावरचा माणूस विशाळगडावर हुडकण्यासारखे आहे. शेजारचे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्याग चक्रातल्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली आणि मोहिमांतली. ज्यांचा माणूस १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलमध्ये गेला, त्यांनी सरळ तेथे जावे. नाव कोणत्या पाटीवर आहे हे तेथल्या डिजिटल फलकांवर शोधता येते. त्याआधीच्या माणसासाठी मात्र कोणते युद्ध, कोणती पलटण आणि कोणती आघाडी या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये.

‘बेपत्ता’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कबर ठाऊक नसलेल्या सैनिकांसाठी जी स्मारके उभारली, त्यांना बेपत्ता सैनिकांची स्मारके म्हणतात. पण आपल्या माणसांच्या बाबतीत या शब्दाने विनाकारण जीव घाबरा होतो. ब्रिटिश शिपायाचे दफन होत असे, आणि कबर सापडली नाही तर नाव भिंतीवर जात असे. हिंदू आणि शीख शिपायाचे दहन झाले असेल तर कबरीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून सोबत्यांनी रीतसर अग्नी दिला, अशांचीही नावे भिंतीवरच आहेत. इंफाळ, एरिट्रियातील केरेन आणि इटलीतील सांग्रो नदी येथे तर दहन झालेल्यांची वेगळी स्मारके आहेत. नोंदीत अशा दहन-स्मारकाचे नाव असेल, तर त्या माणसाला अग्नी मिळाला एवढे निश्चित कळते. आमच्या आत्यांना तारीख, पलटण, हुद्दा यांपेक्षा हाच प्रश्न मोठा होता.

शोध घरच्या ट्रंकेपासून

पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने ब्राँझची एक गोल तबकडी दिली होती. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो, तिच्यावर त्रिशूळ धरलेली स्त्री आणि सिंह असतो, आणि एका आयताकृती चौकटीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. त्या नावापुढे हुद्दा मुद्दाम दिलेला नाही, कारण मृत्यूत साहेब आणि शिपाई असा भेद नको असे ठरले होते. आमच्याकडे ही तबकडी कित्येक वर्षे लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होती आणि तिची खालची बाजू हिरवी पडली होती. कोणाच्या घरी अशी तबकडी सापडली, तर ती चिंच किंवा राख लावून घासू नये. देव्हाऱ्यातली भांडी लखलखीत करण्याची आपली सवय अशा वस्तूचे नुकसान करते आणि नावाची अक्षरे झिजवते. मऊ फडक्याने पुसावी, फोटो घ्यावा आणि कोरड्या कापडात ठेवावी.

तबकडीपेक्षाही उपयोगाचे असते ते पदक. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या पदकाच्या चेहऱ्याकडे पाहू नये, कडेकडे पाहावे. नाण्याला जशी कड असते तशा त्या जाड कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असतात. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला आणि भिंग लावले, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावली टाकतात. यातली पुष्कळशी पदके अडीअडचणीच्या वर्षी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडीत गेली. आमच्याही घरातली चांदी एका लग्नात गेल्याचे सांगतात, पण एक पदक कसे कोण जाणे राहिले. त्याच्या कडेवर ११७ हा आकडा दिसला आणि तेथून पुढचे सगळे सुटत गेले.

असे आकडे वाचता येणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींची ओळख आकड्यांनी होती : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि कुत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. उपासमारीने खंगलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यांतले पुष्कळ कैदेतच मेले. १९२२ मध्ये या सहाही पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली : १०३ तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ दहावी. त्यामुळे घरात ‘पाचवी मराठा’ असा उल्लेख असेल तर माणूस बहुधा दुसऱ्या महायुद्धातला, आणि शंभराच्या पुढचा आकडा असेल तर पहिल्या, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. प्रत्येक लामावाला मराठा पलटणीतलाच असेल असे मात्र धरून चालू नये. बॉम्बे सॅपर्स (लष्करी बांधकाम आणि सुरुंगाचे काम करणारी पलटण), महार रेजिमेंट, खेचरांच्या तुकड्या आणि मजुरांच्या कोअर यांतही आपल्या भागातली माणसे होती, आणि मजुरांच्या घरी तर अनेकदा पदकही पोहोचले नाही.

कागद काहीच नसेल तर गावाकडे वळावे. पहिल्या महायुद्धानंतर ज्या गावांतून शिपाई गेले, तेथील चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या, नावातच सैनिक असलेल्या, गावांत ही आठवण जागती आहे. बाकीच्या ठिकाणी पाटीवर चुन्याचे थर बसलेले आढळतात. पाटीवर संख्या असते पण नाव नसते, आणि घरच्या तबकडीवर नाव असते पण पलटण नसते. पुढची सगळी खटपट या दोन अपुऱ्या वस्तूंची गाठ घालून देण्याची आहे.

नोंदीत नाव कसे हुडकावे

दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुलातील मृत सैनिकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन या संस्थेकडे असते. मे १९१७ मध्ये ती इम्पीरियल वॉर ग्रेव्ज कमिशन या नावाने स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. संस्था दोनच कालखंड मोजते : ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या तारखांच्या बाहेरचा मृत्यू तेथे सापडणार नाही, मग तो युद्धातल्या जखमेनेच का झालेला असेना.

खरी अडचण स्पेलिंगची आहे. ज्या कारकुनांनी ही नावे लिहिली त्यांनी ती कानावर पडली तशी लिहिली. जाधवांच्या शेवटी कधी व्ही असतो, कधी डब्ल्यू, कधी नुसता ओ. पवारांचे पोवार झालेले असतात, जे कोल्हापूरकरांना खटकणार नाही. शिंद्यांमधला एच गळालेला असतो. मराठा हा शब्दसुद्धा त्या काळी ‘म’ नंतर एक जादा एच आणि पुढे दोन टी घालून लिहीत, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने पलटण शोधली तर हाती काही लागत नाही आणि माणसाला वाटते की नोंदच नाही. अनेक शिपायांचे आडनाव लिहिलेलेच नाही. केवळ ‘राम’, ‘बाळा’, ‘गणू’ एवढेच नाव आडनावाच्या रकान्यात बसवलेले असते. म्हणून आधी आडनावाने, मग पाळण्यातल्या नावाने, मग घरात हाक मारीत त्या नावाने असा तिन्ही रीतींनी शोध घ्यावा. पदकाच्या कडेवरचा क्रमांक हाताशी असेल तर एका नावाच्या आठ माणसांतून आपला माणूस निवडता येतो. तो नसेल तर ‘अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा’ ही जोडमाहिती पाहावी. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत ती बऱ्याचदा मिळते.

गावाच्या पत्त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे तेथल्या शिपायांच्या नावापुढे बेळगाव असते. उलट, रायबाग कोल्हापूर संस्थानात होते आणि आज ते कर्नाटकात आहे. कुरुंदवाड हे तर वेगळेच संस्थान होते. ज्यांना मोडी येते, किंवा मोडी वाचणारा कोणी ओळखीचा आहे, त्यांनी कोल्हापूरच्या पुरालेखागारात असलेल्या संस्थानकालीन दप्तराकडेही वळावे. मात्र तेथे एका दिवसात काही सापडेल अशी आशा ठेवू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांच्या कुटुंबांना चांगली मदत होऊ शकते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, कोल्हापूरहून निपाणी-संकेश्वरमार्गे बसने दोन-अडीच तासांवर. तेथे आगाऊ पत्र लिहून परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये. लष्करी आवारात नुसते नातेवाईक असल्याचे सांगून आत सोडत नाहीत, आणि सोडू नये हेच योग्य आहे.

नोंद सापडली की तिच्यात स्मारकाचे नाव आणि फलकाचा क्रमांक दिलेला असतो. तो कागदावर छापून घ्यावा. परदेशात ऐन वेळी मोबाइलला रेंज नसते.

कोणते नाव कोठे

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्यांसाठी नव्ह-शापेल येथील भारतीय स्मारक आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले आणि त्यावर ४,७००हून अधिक भारतीय सैनिक आणि मजुरांची नावे आहेत. सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, त्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, आणि ‘ईश्वर एक आहे, विजय त्याचाच’ अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत, तसेच त्याच आशयाचा मजकूर अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी लिपींत आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावात बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्यांनी पायदळासारखी चढाई केली आणि त्यांची मोठी हानी झाली. सॅपर्समधला पूर्वज असेल तर हे ठिकाण आधी तपासावे. पॅरिसहून लीलपर्यंत वेगवान गाडीने आणि पुढे मोटारीने जाता येते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेलेल्यांची नावे कॅसिनो येथे आहेत. रोमहून कॅसिनोला आगगाडीने सोयीने जाता येते. तेथल्या युद्धस्मशानात पाण्याच्या कुंडाभोवती हिरव्या संगमरवराचे खांब उभे आहेत आणि त्यांवर चार हजारांहून अधिक नावे आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांचीही कबर नाही आणि त्यांचेही नाव येथेच आहे. मराठी माणसाने हे नाव आधी शोधावे आणि त्याच खांबाच्या आसपास आपल्या माणसाचे, कारण एका रेजिमेंटची नावे जवळजवळ असतात. जिथे ते पडले त्या भागात मोंतोने या गावी २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळाचे स्मारकही झाले आहे.

ब्रह्मदेशात गेलेल्यांसाठी यांगोनजवळ तौक्यान येथे सुमारे २७ हजार नावांचे रंगून स्मारक आहे. तेथली सध्याची परिस्थिती पाहता कोणाला जा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. इंफाळ मात्र आपल्या देशात आहे आणि तेथे जाण्यास व्हिसा लागत नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्याच सांगशाकच्या लढाईत चौथी मराठा बटालियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर होती, हे त्या बाजूची नोंद सापडलेल्यांनी लक्षात ठेवावे. हिंदुस्थानातच प्रशिक्षणात किंवा आघाडीपासून दूरच्या कामावर असताना मेलेल्यांची पंचवीस हजारांहून अधिक नावे दिल्लीच्या युद्धस्मशानात एका नोंदवहीत ठेवलेली आहेत. तेथे भिंतीवर नाव शोधू नये, वही मागावी.

आधी खडकीला जाऊन यावे

लांबचा प्रवास करण्यापूर्वी एकदा खडकीचे वॉर सिमेट्री पाहून यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कोल्हापूरहून पहाटे निघाले तर एका दिवसात जाऊन येता येते. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने खडकी स्थानक आणि तेथून रिक्षा, किंवा सरळ मुळा रस्त्याने होळकर पुलाजवळ. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. येथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, शिवाय मुंबईच्या शिवडीहून १९६२ मध्ये आणलेल्या पहिल्या महायुद्धातल्या ६२९. त्यांच्याबरोबरच ज्यांच्या कबरी हिंदुस्थानभरच्या जुन्या कँटोन्मेंट स्मशानांत राहिल्या आणि ज्यांची देखभाल होऊ शकत नाही, अशा सैनिकांची, या ६२९ जणांसह मिळून १,८००हून अधिक नावे असलेले स्मारक आहे. यांत कोल्हापूरच्या माणसाचे नाव सापडण्याची शक्यता अगदी थोडी. तरीही जावे, कारण भिंत कशी वाचायची हे येथे कळते. नावे सरसकट अकारविल्हे नसतात; आधी रेजिमेंट, तिच्या खाली हुद्द्यांचा उतरता क्रम, आणि प्रत्येक हुद्द्यात वर्णक्रम. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या फलकापासून वाचायला लागतो आणि अर्ध्या तासात थकतो. प्रवेशाजवळ भिंतीतल्या छोट्या कप्प्यात नोंदवही आणि अभिप्रायाची वही ठेवण्याची या स्मारकांत पद्धत आहे; तो कप्पा उघडून पाहण्यास संकोच करू नये.

सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. भर दुपारी कोरीव अक्षरांवर सावली पडत नाही आणि फोटोत नाव दिसत नाही. अक्षर अगदीच लागत नसेल तर स्वच्छ पाण्याचा हलका हात फिरवावा. खडू, तेल, कोळसा यांपैकी काही लावू नये.

कुंकवाचा प्रश्न नाजूक आहे. आपल्याला नाव दिसले की त्याला हळद-कुंकू लावावेसे वाटते, अगरबत्ती खोचावीशी वाटते, नारळ फोडावासा वाटतो. यांतले कुंकू कटाक्षाने टाळावे, कारण सच्छिद्र दगडात ते उतरते आणि शेजारच्या दुसऱ्या कोणाच्या नावावरही पसरते. हार भिंतीला चिकटवू नये, फलकाच्या पायाशी ठेवावा. मनातल्या मनात नाव घेऊन, गोत्र ठाऊक असेल तर तेही म्हणून, दोन मिनिटे उभे राहण्याला कोठेच आडकाठी नाही. परदेशी जाणाऱ्यांनी गावची माती पुडीत बांधून नेऊ नये. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून माती नेण्यास बंदी आहे, आणि तिकडची माती आणताना आपल्याकडेही नियम आडवे येतात. त्याऐवजी गावच्या पाटीचा छापील फोटो न्यावा आणि फुले तेथेच विकत घ्यावीत.

बसऱ्याचे स्मारक आणि गाळलेली नावे

आता आमच्या माणसाचे काय झाले ते सांगतो, कारण कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांची हीच गत होणार आहे. ११७वी पलटण, १९१६ साल, आणि नोंदीत स्मारक : बसरा. मेसोपोटेमियात १९१४च्या शरद ऋतूपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४०,५००हून अधिक सैनिकांचे हे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. मुळात ते शत्त-अल-अरब नदीच्या काठी होते; १९९७ मध्ये सद्दामच्या राजवटीत ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटरवर नेण्यात आले. आजही तेथे सहज जाता येत नाही. पण जाता आले असते तरी भिंतीवर आमच्या माणसाचे नाव वाचता आले नसते. ब्रिटिश सैन्यातल्या साध्या शिपायाचेही नाव त्या भिंतीवर आहे, हिंदी अधिकाऱ्यांची नावेही आहेत. बाकीच्या हिंदी शिपायांची मात्र त्या-त्या रेजिमेंटखाली नुसती संख्या कोरली आहे. नावे नोंदवहीत ठेवली. सर्वांना समान वागणूक हे ज्या संस्थेचे ब्रीद, तिने हे केले, आणि २०२१ मध्ये आपल्याच अहवालात तिने हा पक्षपात मान्य करून क्षमा मागितली. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले किमान १,१६,००० मृत कोठेच नावानिशी नोंदले गेले नाहीत, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

म्हणजे गावच्या पाटीवर संख्या आणि बसऱ्याच्या भिंतीवरही संख्याच. आम्ही संस्थेच्या संकेतस्थळावरून नोंदीचे पान छापून घेतले, त्याचे मराठी भाषांतर केले, आणि दोन्ही कागद लॅमिनेट करून गावच्या शाळेत, जिथे ती पाटी आहे, तिच्या शेजारी लावण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून घेतली. आत्यांनी त्या दिवशी माळ नव्याने ओवली. बसऱ्याची नोंद निघालेल्यांना माझा सल्ला हाच राहील की इराकच्या प्रवासाचा नाद सोडावा आणि भेट गावच्या पाटीपाशी द्यावी. बेळगावच्या केंद्राला परवानगी मागून तेथेही एकदा जावे.

नोंदच सापडली नाही, तर नाव घालण्यासाठी संस्थेकडे अर्ज करता येतो. दिलेल्या कालखंडात आणि सेवेत असताना मृत्यू झाला, याचा पुरावा लागतो : पदक, तबकडी, पेन्शनचे कागद, पलटणीचे पत्र, जे असेल ते. एका ओळखीच्या घराने मूळ पेन्शनचा कागद एका कार्यालयात जमा केला आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. तेव्हा मूळ वस्तू कोणाच्याही हाती देऊ नये, स्कॅन आणि फोटो पाठवावेत. पदकाच्या कडेचे मात्र चार फोटो घ्यावेत, थोडे थोडे फिरवून, कारण एका फोटोत कडेवरचा सगळा मजकूर येत नाही आणि नेमका क्रमांकाचा शेवटचा आकडा दुसऱ्या बाजूला राहतो.